नेंजिल ओर आलयम

श्रीधर यांनी लिहिलेला व दिग्दर्शित केलेला, १९६२ मध्ये प्रदर्शित झालेला तमिळ चित्रपट. कर्करोगाने आजारी असलेल्या वेणूला (मुत्तुरामन) त्याची पत्नी सीता (देविका) ज्या रुग्णालयात आणते, तेथील डॉक्टर मुरली (कल्याणकुमार) हा तिचा पूर्वीचा प्रियकर असतो. हे कळल्यावर वेणू, आपल्यामागे सीतेने मुरलीशी विवाह करावा, अशी इच्छा व्यक्त करतो. सीतेला ती असह्य होते. मुरली मात्र वेणूला वाचवण्यासाठी अहोरात्र झटतो. शस्त्रक्रिया यशस्वी होते आणि अतिश्रमाने मुरलीचाच अंत होतो. तिघांपैकी एकालाही खलपुरुष न करता श्रीधर यांनी हा संघर्ष रंगवला, हे या चित्रपटाचे खरे सामर्थ्य.

बहुतेक कथानक रुग्णालयाच्या एकाच नेपथ्यात घडते. त्या बंदिस्त जागेत ए. व्हिन्सेंट यांच्या कॅमेऱ्याने साधलेली हालचाल व छायाप्रकाश आजही अभ्यासण्याजोगे आहेत. संगीत विश्वनाथन–राममूर्ती यांचे, गीते कण्णदासन यांची. नागेश यांच्या विनोदी भूमिकेने करुण कथेला थोडा विसावा मिळतो.

श्रीधर यांनीच १९६३ मध्ये ‘दिल एक मंदिर’ ही हिंदी आवृत्ती दिग्दर्शित केली. तीत राजेंद्रकुमार, मीनाकुमारी व राजकुमार यांच्या प्रमुख भूमिका होत्या.