ज्येष्ठांना सोबत : विहार, वस्ती आणि स्वयंसेवक काय करू शकतात

1956 साली आईबापांच्या खांद्यावर बसून नागपूरच्या दीक्षाभूमीवर गेलेली मुले आज सत्तरी ओलांडून गेली आहेत. याच पिढीने वर्गणी काढून विहारे बांधली आणि पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकवले. ती मुले आता नोकरीसाठी दूर शहरात आहेत आणि गावातल्या, वस्तीतल्या घरात आईवडील एकटे आहेत. 2011 च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील लोक दहा कोटींहून अधिक होते. त्यानंतर हा आकडा वाढतच गेला आहे.

विनयपिटकाच्या महावग्गात अतिसाराने आजारी असलेल्या एका भिक्खूची कथा आहे. आपण इतरांच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून कोणी आपल्याकडे पाहत नाही, असे तो सांगतो. तथागत आनंदासह त्याला स्वतः स्वच्छ करतात आणि संघाला समज देतात. माणसाची किंमत त्याच्या उपयोगावर ठरत नाही, हा त्या कथेचा अर्थ आम्हाला आजही महत्त्वाचा वाटतो. ज्येष्ठांची सेवा म्हणजे उपकार नव्हे, हे मनात पक्के करूनच कामाला लागावे.

हक्काचे काय आहे

योजना पुष्कळ आहेत, पण कागद आणि मोबाइल यांच्यापाशी येऊन ज्येष्ठ अडतात. स्वयंसेवकाला किमान पुढील गोष्टी माहीत हव्यात.

- श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना : वय 65 किंवा अधिक, आणि दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव किंवा कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांपर्यंत. 2023 पासून दरमहा 1,500 रुपये. अर्ज तहसील कार्यालयात करावा लागतो.
- आयुष्मान वय वंदना कार्ड : 70 वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट नाही. कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत उपचार. योजनेचा हा विस्तार ऑक्टोबर 2024 मध्ये झाला.
- एसटी प्रवास : 65 ते 75 वयापर्यंत अर्धे तिकीट, 75 नंतर मोफत.
- घरपोच बँक सेवा : 70 वर्षांवरील ग्राहकांना ही सेवा द्यावी, अशी रिझर्व्ह बँकेची 2017 ची सूचना आहे.
- एल्डरलाइन 14567 : ज्येष्ठांसाठी मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन.

मुले सांभाळत नसतील तर आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, 2007 आहे. त्यासाठीच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. ज्येष्ठाला स्वतः जाणे शक्य नसेल तर त्याने अधिकृत केलेली व्यक्ती किंवा संस्था त्याच्या वतीने अर्ज करू शकते. सांभाळ करण्याच्या अटीवर घर मुलाच्या नावे केले आणि त्याने ती अट पाळली नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरवून घेण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. घर नावावर करून देण्यापूर्वी ही अट कागदावर लिहून घ्या, एवढे वेळेवर सांगणारा माणूस भेटला तरी अनेक आयाबायांचे छप्पर वाचेल.

विहारातून सुरुवात कशी करावी

मोठा निधी लागत नाही. आधी वस्तीतील एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी करावी : नाव, आजार, चालू औषधे, जवळच्या नातेवाइकाचा फोन. प्रत्येक स्वयंसेवकाकडे दोन किंवा तीन घरे द्यावीत आणि आठवड्यातून ठरलेल्या दिवशी भेट ठेवावी. वार ठरलेला असला की म्हातारा माणूस वाट पाहतो, आणि कोणीतरी येणार आहे या भरवशावर त्याचा आठवडा जातो. म्हणूनच कबूल करून न जाणे हे अजिबात न जाण्यापेक्षा वाईट. महिन्यातून एकदा विहारात 'कागदपत्रांचा दिवस' ठेवावा. हयातीचा दाखला, आधारमधील जन्मतारीख, अंगठ्याचा ठसा न जुळणे ही कामे तिथे एकत्र मार्गी लागतात.

शिस्तही हवी. एटीएमचा पिन, ओटीपी, पासबुक स्वयंसेवकाने स्वतःकडे ठेवू नये. कोऱ्या कागदावर अंगठा घेऊ नये. पैशाच्या कामाला दोघांनी मिळून जावे आणि नोंद वहीत करावी. आजारपणात औषध सुचवू नये, दवाखान्यात न्यावे. ज्येष्ठाने 'नको' म्हटले तर त्याचा मान राखावा.

फक्त घेणारे नव्हेत

ज्येष्ठांना खुर्चीत बसवून शाल देणे सोपे आहे, त्यांना काम देणे अधिक गरजेचे आहे. वर्षावासातील ग्रंथवाचन, लहान मुलांना त्रिशरण-पंचशील शिकवणे, नवविवाहितांना चार शब्द सांगणे ही कामे त्यांच्याकडे द्यावीत. धर्मांतराच्या काळात गावात काय घडले, विहिरीवर कोण अडवत होते, पहिली शाळा कशी पाहिली, हे तरुणांनी मोबाइलवर त्यांच्या परवानगीने ध्वनिमुद्रित करावे. हा आपला इतिहास अजून कुठल्याही पुस्तकात आलेला नाही आणि तो सांगणारे दरवर्षी कमी होत आहेत.

1 ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन. त्या दिवशी सत्कार जरूर करावा. पण त्याआधी येत्या रविवारच्या वंदनेनंतर दहा मिनिटे थांबून आपल्या वस्तीची यादी तयार करावी, अशी आमची सर्व विहार समित्यांना विनंती आहे.