घातक रसायनांचे हवाई वाहतुकीसाठी आवेष्टन

ज्वालाग्राही, विषारी, ऑक्सिकारक, क्षरणकारक किंवा अन्य प्रकारे अपायकारक रसायने विमानाने पाठवताना ती कशात भरावीत, एका खोक्यात किती असावीत, खोक्याची कोणती चाचणी झालेली असावी आणि त्यावर काय लिहावे, हे ठरवणारी आंतरराष्ट्रीय नियमव्यवस्था. रस्त्यावर टँकर गळू लागला तर चालक तो बाजूला उभा करून दूर जाऊ शकतो. उडत्या विमानात ही सोय नसते आणि मालकक्षात शिरून गळती थांबवणेही बहुधा शक्य नसते. त्यामुळे आतली बाटली फुटली तरी रसायन खोक्याबाहेर पडता कामा नये, हा या नियमांमागचा मूळ विचार आहे.

तो किती मोलाचा आहे हे ३ नोव्हेंबर १९७३ रोजी दिसून आले. न्यूयॉर्कहून स्कॉटलंडकडे निघालेल्या पॅन ॲमच्या बोइंग ७०७ मालवाहू विमानात इतर रसायनांबरोबर नायट्रिक आम्लाच्या काचेच्या बाटल्या होत्या. बाटल्यांभोवती लाकडाचा भुसा भरलेला होता आणि काही खोकी आडवी ठेवली गेली होती. उड्डाणानंतर धूर येऊ लागला. बोस्टनला उतरण्याच्या प्रयत्नात विमान कोसळले आणि तिन्ही कर्मचारी मरण पावले. धुराचा उगम निर्विवादपणे सिद्ध झाला नाही. तरी गळलेल्या आम्लाची भुशाशी अभिक्रिया होऊन अनर्थाला सुरुवात झाली, असे मत अमेरिकी चौकशी मंडळाने दिले. नायट्रिक आम्ल तीव्र ऑक्सिकारक आहे आणि भुसा हे त्याचे इंधन. व्हर्मिक्युलाइटसारखे अक्रिय खनिज वापरले असते तर सांडलेले आम्ल त्यात जिरले असते. आजच्या नियमांत शोषक पदार्थाने आतल्या रसायनाशी धोकादायक अभिक्रिया करू नये, ही अट स्पष्टपणे घातलेली आहे.

नियमांचा पाया संयुक्त राष्ट्रांच्या आदर्श नियमावलीत आहे. १९५६ पासून निघणाऱ्या या ग्रंथाला त्याच्या मुखपृष्ठावरून ‘ऑरेंज बुक’ म्हणतात. हवाई वाहतुकीसाठी आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने (इकाओ) शिकागो करारास अठरावे परिशिष्ट जोडले. ते १९८१ मध्ये स्वीकारले गेले आणि १९८४ पासून लागू झाले. त्याचा तपशील इकाओच्या तांत्रिक सूचनांत असतो व त्यांची आवृत्ती दर दोन वर्षांनी निघते. विमान कंपन्यांची संघटना आयाटा याच आधारावर दरवर्षी आपली नियमावली प्रसिद्ध करते. काही बाबतींत ती अधिक कडक असते आणि माल स्वीकारणाऱ्या काउंटरवर रोजच्या वापरात तीच असते. भारताने यासाठी २००३ मध्ये स्वतंत्र नियम केले.

आवेष्टनाआधी वर्गीकरण करावे लागते. घातक माल नऊ वर्गांत विभागला आहे : ज्वालाग्राही द्रव तिसऱ्या वर्गात, क्षरणकारक पदार्थ आठव्यात. प्रत्येक पदार्थाला किंवा पदार्थगटाला चार अंकी यूएन क्रमांक असतो. ॲसिटोनचा क्रमांक १०९० आहे. बहुतेक रसायनांना धोक्याच्या तीव्रतेनुसार आवेष्टन गटही दिला जातो. पहिला गट सर्वांत घातक, तिसरा त्यामानाने सौम्य. वर्गीकरण चुकले की पुढचे सगळे चुकते, म्हणून ते करण्याची जबाबदारी माल पाठवणाऱ्यावर टाकली आहे. विमान कंपनी खोके बाहेरून तपासते, ते उघडून आत पाहत नाही.

प्रयोगशाळेतील रसायने बहुधा संयुक्त आवेष्टनातून जातात. आत काचेची, प्लास्टिकची किंवा धातूची बाटली, तिच्याभोवती गादी व शोषक पदार्थ आणि बाहेर पन्हळी पुठ्ठ्याचे, लाकडाचे किंवा अन्य मजबूत खोके, अशी त्याची रचना असते. उंचीवर हवेचा दाब घटतो, त्यामुळे जमिनीवर घट्ट वाटणारे बूचही झिरपू लागते. दाबनियंत्रित मालकक्षात हा फरक सुमारे २५ किलोपास्कलच असतो. पण कक्षाचा दाब अचानक गेला तर तो कितीतरी वाढतो. म्हणून द्रवाच्या बाटलीने ९५ किलोपास्कल दाबफरक गळतीविना सोसावा लागतो. तिसऱ्या आवेष्टन गटातील ज्वालाग्राही व विषारी द्रवांसाठी ही मर्यादा ७५ किलोपास्कल आहे. बूच कंपनाने सैल होऊ नये म्हणून त्यावर चिकटपट्टी, आकुंचन पावणारे वेष्टन किंवा तशीच दुसरी अडवणूक हवी.

बाटली काठोकाठ भरणेही निषिद्ध आहे. ५५ अंश सेल्सिअसला द्रव फुगल्यावरही आत मोकळी जागा उरली पाहिजे. ॲसिटोन २५ अंशांवरून ५५ अंशांवर नेले तर त्याचे आकारमान चार टक्क्यांहून अधिक वाढते. काठापर्यंत भरलेली बाटली उन्हातल्या धावपट्टीवर बूच उडवू शकते किंवा फुटू शकते.

पाऱ्याची गोष्ट वेगळी. तो हाताळणाऱ्याला तत्काळ भाजत नाही, तरी क्षरणकारक वर्गात मोडतो, कारण तो ॲल्युमिनियमशी संयोग पावून त्याचा मिश्रधातू बनवतो आणि विमानाचा सांगाडा प्रामुख्याने ॲल्युमिनियमचा असतो. म्हणून पाऱ्याभोवती तो आरपार जाऊ देणार नाही असे भक्कम, न फाटणारे अस्तर पूर्णपणे गुंडाळावे लागते.

याच्या उलट नियम कोरड्या बर्फाला लागू होतो. तो घन कार्बन डायऑक्साइड असून सतत वायूरूप होत असतो. त्याचे खोके हवाबंद केले तर ते फुटेल, म्हणून वायू बाहेर पडायला वाट ठेवणे सक्तीचे आहे. एरवी हवाई वाहतुकीत आवेष्टनाला वायू सोडणारी झडप लावायला सहसा परवानगी नसते.

बाहेरचे खोके चाचणीत उतरलेले असावे लागते. पहिल्या आवेष्टन गटासाठी ते १.८ मीटर, दुसऱ्यासाठी १.२ आणि तिसऱ्यासाठी ०.८ मीटर उंचीवरून टाकून पाहतात. पुठ्ठ्याची पाच खोकी तळावर, माथ्यावर, लांब बाजूवर, आखूड बाजूवर आणि एका कोपऱ्यावर अशी पाच तऱ्हांनी पाडली जातात. शिवाय तीन मीटर उंचीच्या थप्पीइतका भार चोवीस तास ठेवतात. भारतात अशा चाचण्या करून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांमध्ये मुंबईत अंधेरीला मुख्यालय असलेली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग प्रमुख आहे.

चाचणी पार झालेल्या खोक्यावर वर्तुळातील ‘यूएन’ चिन्हामागे एक सांकेतिक ओळ छापलेली असते. उदाहरणार्थ, ‘४जी/वाय१२/एस/२४/आयएनडी’. ४ म्हणजे खोके, जी म्हणजे पुठ्ठ्याचे. वाय म्हणजे दुसऱ्या व तिसऱ्या गटासाठी योग्य. १२ म्हणजे किलोमधील कमाल एकूण वजन. एस म्हणजे घन पदार्थ किंवा आतील आवेष्टने. २४ हे निर्मितीचे वर्ष आणि शेवटी देश. त्यापुढे निर्मात्याची ओळख येते. हे चिन्ह रिकाम्या खोक्याची सर्वसाधारण हमी नव्हे, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. चाचणी ज्या बाटल्यांनी, ज्या गादीने आणि ज्या चिकटपट्टीने झाली, तीच मांडणी वापरली तर चिन्हाला अर्थ राहतो. विशेष प्रकारच्या ‘व्ही’ खोक्यांत मात्र निरनिराळ्या बाटल्या ठेवण्याची ठरावीक मुभा असते.

प्रत्येक यूएन क्रमांकासमोर आवेष्टन सूचना आणि कमाल मात्रा दिलेली असते. ॲसिटोन प्रवासी विमानातून एका खोक्यात ५ लिटर, तर केवळ मालवाहू विमानातून ६० लिटर पाठवता येते. ७० टक्क्यांहून तीव्र नायट्रिक आम्लाला प्रवासी विमान बंद आहे, तर लाल धूमायमान नायट्रिक आम्ल कोणत्याच विमानात घेतले जात नाही. अल्प प्रमाणासाठी सवलती आहेत. ‘मर्यादित मात्रा’ या सवलतीत यूएन चिन्हाचे खोके लागत नाही, पण ते १.२ मीटरवरून पडल्यावर टिकले पाहिजे आणि त्याचे एकूण वजन ३० किलोच्या आत हवे. एका खोक्यात निरनिराळी रसायने ठेवायची तर ती परस्परांशी धोकादायक अभिक्रिया करणारी नसावीत. शिवाय प्रत्येकाची मात्रा तिच्या कमाल मात्रेने भागून येणाऱ्या अपूर्णांकांची बेरीज एकपेक्षा जास्त होता कामा नये.

खोके बंद झाल्यावर त्यावर रसायनाचे विहित नाव, यूएन क्रमांक, प्रेषक व स्वीकर्ता यांचे पत्ते आणि धोक्याच्या वर्गाचे १०० मिलिमीटर बाजूचे चौकोनी लेबल कोनावर उभे लावतात. द्रव असल्यास समोरासमोरच्या दोन बाजूंवर वरची दिशा दाखवणारे बाण लागतात. सोबत लाल रेघांच्या चौकटीचे घोषणापत्र प्रेषकाच्या सहीनिशी द्यावे लागते. विमान कंपनीचा प्रशिक्षित कर्मचारी यादी घेऊन एकेक मुद्दा तपासतो आणि एक चूक आढळली तरी माल परत जातो. विमानात काय चढवले व कुठे ठेवले, याची लेखी सूचना वैमानिकाला उड्डाणापूर्वी मिळते.

घोषणाच झाली नाही तर ही सगळी साखळी निरुपयोगी ठरते. ११ मे १९९६ रोजी मायामीहून निघालेल्या व्हॅल्यूजेटच्या प्रवासी विमानात रासायनिक ऑक्सिजन जनित्रे पुठ्ठ्याच्या खोक्यांतून, सुरक्षाटोप्या न लावता चढवली गेली होती. कागदपत्रांत ती रिकामी असल्याचे नमूद होते. ती पेटून विमान एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळले आणि त्यातील सर्व ११० जण मरण पावले. त्यानंतर अशी जनित्रे प्रवासी विमानांतून नेण्यास बंदी आली. घातक माल भरणाऱ्या, स्वीकारणाऱ्या आणि चढवणाऱ्या कर्मचाऱ्यांना दर चोवीस महिन्यांनी फेरप्रशिक्षण घ्यावे लागते.