लक्ष्मीकांत कट्टीमनी: फायनलमधल्या स्वयंगोलापासून तीन पेनल्टी अडवण्यापर्यंत

फुटबॉलमध्ये स्ट्रायकरने दहा संधी वाया घालवल्या आणि अकराव्या संधीवर गोल मारला, तर तो हिरो ठरतो. गोलकीपरचं गणित नेमकं उलटं असतं. त्याने दहा फटके अडवले आणि अकरावा सुटला, तर लोकांच्या लक्षात तो अकरावाच राहतो.

गोव्याचा गोलकीपर लक्ष्मीकांत कट्टीमनी याने या गणिताच्या दोन्ही बाजू अनुभवल्या, आणि त्याही एकाच मैदानावर. २०१५ च्या इंडियन सुपर लीग म्हणजेच आयएसएलच्या फायनलमध्ये त्याच्या हातून स्वयंगोल झाला. २०२२ च्या फायनलमध्ये त्यानेच तीन पेनल्टी अडवून आपल्या संघाला विजेतेपद मिळवून दिलं.

क्लबच्या गोव्यात घडलेला गोलकीपर

कट्टीमनीचा जन्म ३ मे १९८९ चा, गोव्यातला. भारतात क्रिकेटचं वेड असलं तरी गोव्यात गावोगावी फुटबॉल खेळला जातो. तिथले मोठे क्लब खाणउद्योगातल्या घराण्यांनी उभे केले. डेम्पो आणि साळगावकर ही त्यातली सगळ्यात ओळखीची नावं. डेम्पोने नॅशनल फुटबॉल लीग आणि आय-लीग मिळून पाच वेळा देशाचं विजेतेपद पटकावलं. याच डेम्पोकडून खेळत कट्टीमनी व्यावसायिक फुटबॉलमध्ये स्थिरावला.

२०१४ मध्ये आयएसएल सुरू झाली. सुरुवातीच्या मोसमांत बऱ्याच संघांनी परदेशी गोलकीपर आणले होते. इंग्लंडचा माजी गोलकीपर डेव्हिड जेम्स तर केरला ब्लास्टर्सचा प्रशिक्षक आणि खेळाडू अशा दोन्ही भूमिकांत होता. अशा वेळी भारतीय गोलकीपरला संधी मिळणं सोपं नव्हतं.

त्यात गोलकीपरची जागा एकच. बचावफळीतला खेळाडू डावीकडून उजवीकडे किंवा मधल्या फळीत जाऊ शकतो, शेवटच्या वीस मिनिटांसाठी बदली म्हणून उतरू शकतो. गोलकीपरला यातलं काहीच करता येत नाही. पहिला गोलकीपर जखमी झाला किंवा फॉर्म गेला, तरच दुसऱ्याला संधी मिळते. तोवर रोज तेवढाच सराव करायचा आणि सामन्याच्या दिवशी बाकावर बसायचं.

२० डिसेंबर २०१५, फातोर्डा

त्या मोसमात एफसी गोवा संघ फायनलला पोहोचला. प्रशिक्षक होते ब्राझीलचे महान खेळाडू झिको. समोर होता चेन्नईयिन एफसी. सामना मडगावजवळच्या फातोर्डा मैदानावर, म्हणजे गोव्याच्या घरच्या प्रेक्षकांसमोर होता.

दुसऱ्या हाफमध्ये चेन्नईयिनला पेनल्टी मिळाली. ब्रुनो पेलिसारीचा फटका कट्टीमनीने अडवला, पण परत आलेला चेंडू पेलिसारीनेच जाळ्यात मारला. काही मिनिटांतच हाओकिपने गोव्याला बरोबरी साधून दिली. मग चेन्नईयिनला आणखी एक पेनल्टी मिळाली. या वेळी स्टीव्हन मेंडोझाचा फटकाही कट्टीमनीने अडवला. एकाच फायनलमध्ये दोन पेनल्टी अडवणं ही साधी गोष्ट नाही.

८७ व्या मिनिटाला जोफ्रेने गोल केला आणि गोवा २-१ ने पुढे गेला. कप हाताच्या अंतरावर होता.

९० व्या मिनिटाला चेंडू गोलसमोरच्या गर्दीत आला. तो बाहेर काढण्याच्या धडपडीत कट्टीमनीकडूनच चेंडू गोलमध्ये गेला. स्कोअर २-२. दोनच मिनिटांत, भरपाई वेळेत मेंडोझाने तिसरा गोल मारला. चेन्नईयिन ३-२ ने चॅम्पियन झाला.

स्कोअरकार्डवर 'कट्टीमनी, स्वयंगोल, ९० वं मिनिट' अशी नोंद कायमची झाली. त्याने अडवलेल्या दोन पेनल्टींसाठी गोल करणाऱ्यांच्या यादीत जागाच नसते.

झिको आणि जपानचा गोलकीपर

झिको यांनी गोलकीपरच्या चुकीची किंमत त्याआधीही पाहिली होती. २००६ च्या विश्वचषकात ते जपानचे प्रशिक्षक होते. जपानचा गोलकीपर होता योशिकात्सु कावागुची.

पहिल्या सामन्यात जपान ऑस्ट्रेलियाविरुद्ध १-० ने पुढे होता. ८४ व्या मिनिटाला एका लांब थ्रो-इनवर कावागुची गोल सोडून पुढे आला, पण चेंडू त्याच्या हाती लागला नाही. ऑस्ट्रेलियाच्या टिम केहिलने बरोबरी साधली. त्यानंतर आणखी दोन गोल झाले आणि जपान ३-१ ने हरला.

पुढचा सामना सहाच दिवसांनी, १८ जून २००६ ला क्रोएशियाशी होता. झिको यांनी गोलकीपर बदलला नाही. त्या सामन्यात दारियो स्रनाची पेनल्टी याच कावागुचीने अडवली आणि सामना ०-० बरोबरीत सुटला.

कावागुची एकूण चार विश्वचषकांत जपानच्या संघात होता. देशासाठी ११६ सामने खेळून तो २०१८ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी निवृत्त झाला. जपानमध्ये १९९३ पासून जे-लीग ही व्यावसायिक लीग नियमित सुरू आहे. तिच्या खालच्या श्रेणीतही व्यावसायिक क्लब आहेत. त्यामुळे वय वाढलेल्या, मोठ्या क्लबमधून बाहेर पडलेल्या गोलकीपरलाही खेळत राहायला जागा मिळते. कावागुचीचा शेवटचा क्लब, एससी सागामिहारा, अशाच खालच्या श्रेणीतला होता.

गोव्यात मात्र जागा कमी होत गेल्या

२०१६ मध्ये डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिन्ही क्लबनी आय-लीगमधून माघार घेतली. राष्ट्रीय पातळीवर खेळणारे तीन क्लब एकदम कमी झाले, म्हणजे गोलकीपरच्या तीन पहिल्या जागा गेल्या.

कट्टीमनी आयएसएलमध्ये टिकून राहिला. २०१९ मध्ये हैदराबाद एफसी हा नवा क्लब आला आणि तो तिकडे गेला. पहिल्याच मोसमात हैदराबाद गुणतक्त्यात तळाला, दहाव्या क्रमांकावर राहिला. पुढे प्रशिक्षक मानोलो मार्केझ आले आणि संघ सावरत गेला.

याच काळात आयएसएलचे नियमही बदलले. २०२१-२२ पासून मैदानावर एका वेळी चारच परदेशी खेळाडू ठेवता येऊ लागले. या चार जागा क्लब शक्यतो गोल मारणाऱ्या आणि मधल्या फळीतल्या खेळाडूंसाठी वापरतात. त्यामुळे गोलमध्ये भारतीय खेळाडूच उभा करणं क्लबना सोयीचं पडतं.

२० मार्च २०२२, पुन्हा फातोर्डा

फायनल हैदराबाद विरुद्ध केरला ब्लास्टर्स अशी रंगली. कोरोनामुळे सगळे सामने गोव्यातच झाले होते, पण फायनलला प्रेक्षकांना प्रवेश होता आणि केरळहून चाहते मोठ्या संख्येने आले होते.

६८ व्या मिनिटाला राहुल के. पी.ने लांबून गोल मारून केरळला आघाडी मिळवून दिली. ८८ व्या मिनिटाला गोव्याच्याच साहिल ताव्होराने हैदराबादसाठी बरोबरी साधली. जादा वेळेतही निकाल लागला नाही आणि सामना पेनल्टी शूटआउटवर गेला.

केरळचा पहिला फटका मार्को लेस्कोविचचा. कट्टीमनीने तो अडवला.

दुसरा निशू कुमारचा. तोही अडवला, पण पंचांनी पेनल्टी पुन्हा घ्यायला लावली. नियमानुसार फटका मारला जाईपर्यंत गोलकीपरचा निदान एक पाय गोलरेषेवर असावा लागतो. निशूने पुन्हा फटका मारला आणि कट्टीमनीने पुन्हा अडवला.

तिसरा फटका आयुष अधिकारीचा, तो गोल झाला. चौथा जीकसन सिंगचा, तो पुन्हा कट्टीमनीने रोखला. हैदराबादने शूटआउट ३-१ ने जिंकलं आणि पहिल्यांदाच आयएसएलची ट्रॉफी उचलली. त्या रात्री कट्टीमनी ३२ वर्षांचा होता.

त्याच वर्षी एक पद्मश्री

२०२२ च्या जानेवारीत गोव्याच्या आणखी एका गोलकीपरचं नाव देशभर गाजलं. ब्रह्मानंद शंखवाळकर यांना पद्मश्री जाहीर झाली. १९८० च्या दशकात ते भारताचे कर्णधार होते. त्याच दशकात गोव्याने संतोष ट्रॉफी लागोपाठ दोन वेळा जिंकली. १९८३ मध्ये बंगालसोबत संयुक्त विजेते म्हणून, आणि १९८४ मध्ये पंजाबला हरवून. या स्पर्धेत सलग ५७६ मिनिटं गोल होऊ न देण्याचा पराक्रम शंखवाळकर यांच्या नावावर आहे.

त्यांना अर्जुन पुरस्कार १९९७ मध्ये मिळाला आणि पद्मश्री थेट २०२२ मध्ये. गोलकीपरच्या कामाची दखल घ्यायला किती वेळ लागतो, याचा अंदाज या तारखांवरून येतो.

मग गोलकीपरला कशावरून तोलायचं?

एखादी क्लिप पाहून गोलकीपरला नावं ठेवणं सोपं असतं. पण कट्टीमनीचे दोन्ही सामने शेजारी ठेवले, तर वेगळं चित्र दिसतं. २०१५ मध्येही त्याने दोन पेनल्टी अडवल्या होत्या. म्हणजे २०२२ चं कौशल्य त्याच्याकडे तेव्हाही होतं. मधल्या सव्वासहा वर्षांत महत्त्वाचं ठरलं ते एवढंच, की क्लब बदलले, जागा कमी झाल्या, तरी तो खेळत राहिला आणि कोणीतरी त्याला खेळवत राहिलं.

कावागुचीला दुसरी संधी सहा दिवसांत मिळाली, कट्टीमनीला सव्वासहा वर्षं थांबावं लागलं. चूक तर प्रत्येक गोलकीपरकडून होते. पण त्यानंतर उभं राहायला जागा देणारे क्लब आणि लीग शिल्लक असतील, तरच पुढची पेनल्टी अडवायला तो गोलमध्ये असतो.