घराचा सौदा: बयाना देण्याआधी इमारत तपासा

जुना फ्लॅट घेताना लोक कागदपत्रं वकिलाला दाखवतात, पण इमारत इंजिनिअरला दाखवत नाहीत. नव्या रंगाखाली ओल झाकली जाते.

म्हणून इसार, म्हणजे बयाना देण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घ्या. कॉलम-बीमचे तडे, गंजलेल्या सळया, बाथरूमची गळती, गच्ची हे सगळं तो पाहतो. रिपोर्ट लेखीच घ्या.

सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटची प्रत मागा. मुंबईत ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतींना हे ऑडिट सक्तीचं आहे. त्यात 'सी-१' शेरा असेल तर इमारत अतिधोकादायक, रिकामी करून पाडावी लागणारी.

घर नवीन असेल तर २०१६ चा रेरा कायदा कामी येतो. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला दोष कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो.

विकणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं: ऐब लपवून माल विकणं शरीयतमध्ये जायज नाही. ऐब नंतर उघड झाला तर खरेदीदाराला सौदा मोडण्याचा हक्क मिळतो. फिक्हमध्ये त्याला 'खियार-ए-ऐब' म्हणतात. गळती असेल तर आधीच सांगा आणि करारात लिहा. किंमत थोडी उतरेल, पण कमाई हलाल राहील.