पिळलेलं कापड आणि हृदय

ओलं धोतर पिळताना कुणाला हृदय आठवत नाही. इंग्रज वैद्य रिचर्ड लोअरला मात्र आठवलं. हृदय ओल्या कापडासारखं पिळलं जातं, असं त्याने १६६९ साली आपल्या लॅटिन ग्रंथात लिहून ठेवलं.

बोलला ते खरं होतं. पण ही पीळ मोजायची कशी? त्यासाठी तीनशे वर्षं जावी लागली. १९५३ साली स्वीडनमधल्या लुंड येथे एडलर आणि हर्ट्झ यांनी ध्वनिलहरींनी हृदयाची हालचाल टिपली. त्याआधी हर्ट्झने जहाजांच्या कारखान्यातलं, धातूतले दोष शोधायचं यंत्र उसनं आणून पाहिलं होतं! १९७५ साली अमेरिकेत इंगल्स आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी हृदयाच्या स्नायूत टँटलम धातूच्या बारीक खुणा बसवल्या आणि त्यांची हालचाल क्ष-किरणांनी पाहिली. पण हे सर्वांना कसं करणार? १९८८ साली झेरूनी यांनी एमआरआयमध्ये स्नायूवर चुंबकीय रेघा आखल्या. हृदय आकसलं की रेघा वाकतात. चाकूची गरजच उरली नाही.

पुढे सोनोग्राफीनेही तेच साधलं. पडद्यावर स्नायूत पांढुरके ठिपके दिसतात. संगणक त्यांचा माग काढतो आणि ते किती जवळ आले ते सांगतो. ही रीत २००४ च्या सुमारास रुळू लागली. यालाच 'स्ट्रेन' म्हणतात. गणित शाळेतलंच: दहा सेंटिमीटरची पट्टी आठ झाली, तर उणे वीस टक्के. निरोगी हृदयाची लांबीतली आकसणी साधारण एवढीच असते.

एवढा खटाटोप कशाला? कारण हृदय दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर फेकतं, हा नेहमीचा आकडा पुष्कळदा उशिरा घसरतो. आमच्या नात्यातल्या एका बाईंची केमोथेरपी चालू होती. तो आकडा उत्तम होता, पण स्ट्रेन पहिल्यापेक्षा पंधरा टक्क्यांहून जास्त उतरला होता. डॉक्टरांनी वेळीच हृदयाची औषधं सुरू केली आणि केमोथेरपीही पुरी झाली. त्या आज नातवंडांत रमल्या आहेत.

तेव्हा मंडळी, एक सांगणं. यंत्रागणिक हा आकडा थोडा बदलतो. म्हणून केमोथेरपी सुरू होण्यापूर्वीचा इको रिपोर्ट जपून ठेवा आणि शक्यतो त्याच यंत्रावर पुन्हा तपासणी करून घ्या. पहिला आकडा हाताशी नसेल, तर दुसरा कशाशी ताडून पाहणार?