लाहायना : खलाशांची रजा आणि बेटाचा कायदा

१/ ऑक्टोबर १८२७. हवाई बेटसमूहातील माउई बेटावरच्या लाहायना गावासमोर नांगरलेल्या ‘जॉन पामर’ या इंग्रजी जहाजाने गावावर तोफा डागल्या. युद्ध पुकारलेले नव्हते. किनाऱ्यावर आलेल्या खलाशांवर सत्ता कोणाची, एवढाच प्रश्न होता.

२/ हे जहाज व्हेलच्या शिकारीचे होते. व्हेलचे तेल दिव्यांत जळे आणि यंत्रांना वंगण म्हणून लागे. १८१९ साली अशी पहिली जहाजे हवाईत आली. पुढे जपानजवळच्या समुद्रात विपुल व्हेल सापडले आणि प्रशांत महासागराच्या मध्यावरची ही बेटे शिकाऱ्यांचा विसावा ठरली.

३/ खलाशाचे जीवन खडतर होते. सफर तीन-चार वर्षांची. ठरावीक पगार नाही, मिळालेल्या तेलात अल्पसा वाटा. खाण्यास खारवलेले मांस आणि कडक बिस्किटे. महिनोन्महिने जमीन न पाहिलेल्या माणसाला किनाऱ्यावरची रजा हा आपला हक्कच वाटे.

४/ लाहायनाला बंदिस्त बंदर नव्हते. शेजारच्या बेटांच्या आडोशाने शांत राहिलेल्या समुद्रात जहाजे उभी राहत आणि माणसे होड्यांनी किनारा गाठत. गोडे पाणी, बटाटे, फळे, जळाऊ लाकूड येथे मिळे. १८४६ या एका वर्षात ४२९ जहाजे आल्याची नोंद आहे.

५/ स्थानिक स्त्रियांनी जहाजांवर जाण्याची प्रथा जुनी होती. तिच्यासोबत आलेले गुप्तरोगही जुने होते; १७७८ साली कूकच्या जहाजांबरोबर ते बेटांवर पोहोचले होते. राज्यकारभार पाहणारी राणी काआहुमानू आणि अनेक सरदार ख्रिस्ती धर्माकडे वळले आणि १८२५ साली लाहायनात या प्रथेवर बंदी आली.

६/ खलाशांनी दोष दिला तो अमेरिकन मिशनरी विल्यम रिचर्ड्स यांना. त्याच वर्षी ‘डॅनियल’ जहाजाच्या खलाशांनी त्यांच्या घरावर चाल केली. त्यांच्या रक्षणाला उभे राहिले ते स्थानिक हवाईयन लोक.

७/ दोन वर्षांनी ‘जॉन पामर’ आले. माउईचा राज्यपाल होआपिली याने जहाजावर गेलेल्या स्त्रिया परत मागितल्या. कप्तान क्लार्कने दाद दिली नाही, तेव्हा त्याला किनाऱ्यावर अडवून ठेवण्यात आले. त्याची सुटका झाली, तरी तोफा उडाल्याच. स्त्रियांना परत पाठवण्याचे वचनही त्याने पाळले नाही.

८/ ही कथा बहुधा ‘मिशनरी विरुद्ध खलाशी’ अशी सांगितली जाते. परंतु त्यात होआपिली दिसेनासा होतो. आपल्या किनाऱ्यावर आपलाच कायदा चालेल, हे तो परक्या कप्तानांना बजावत होता. त्या स्त्रियांना काय हवे होते, हे मात्र त्यांच्या शब्दांत जवळजवळ कुठेच उरलेले नाही.

९/ सरदारांपुढे पेच होता. जहाजांमुळे व्यापार आणि उत्पन्न येई. किनारा बंद करणे परवडणारे नव्हते. म्हणून तो नियमांत बांधण्यात आला. १८३१-३२ मध्ये लाहायनात प्रवाळाच्या दगडांचा किल्ला उभा राहिला. सूर्यास्ताला तेथून ढोल वाजे. त्यानंतरही गावात रेंगाळणाऱ्या खलाशाची रात्र कोठडीत जाई.

१०/ १८५२ साली होनोलुलूत एक खलाशी कोठडीत मरण पावला. संतप्त खलाशांनी पोलीस ठाणे जाळले. लाहायनाचा किल्ला १८५४ साली पाडला गेला आणि त्याचे दगड नव्या तुरुंगासाठी वापरले गेले. तुरुंगाचे नाव ‘हाले पाआहाओ’. अर्थ : बेड्यांचे घर.

११/ याच काळात बेटे ओस पडत होती. १८३२ मध्ये सुमारे १,३०,००० असलेली लोकसंख्या १८५३ मध्ये सुमारे ७३,००० वर आली. गोवरासारख्या बाहेरून आलेल्या साथींनी असंख्य बळी घेतले. बटाटे विकत घेणारी जहाजे आणि रोग आणणारी जहाजे वेगळी नव्हती.

१२/ पुढे खनिज तेलाने व्हेलच्या तेलाची जागा घेतली आणि लाहायनासमोरची शिडे विरळ झाली. खलाशाच्या दृष्टीने ती काही दिवसांची रजा होती. बेटासाठी मात्र किनाऱ्याला लागणारी प्रत्येक होडी म्हणजे स्वतःच्या सत्तेची नवी परीक्षा होती.