वंगणाच्या नळ्यापासून शोरूमच्या बिलापर्यंत

ट्रॅक्टरचं ऑइल शोरूमला बदलायचं का घरी, हा प्रश्न आता शिरूर-दौंडकडं घरोघरी आहे. त्याआधी थोडं मागचं बघू.

बैलगाडीच्या कण्याला एरंडेलाचं वंगण मालकच घालायचा. 1946 साली पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली. पुढं घोड-भीमेच्या काठी विहिरींवर डिझेल इंजिनं वाजायला लागली. तेव्हा शोरूम कुठलं? इंजिन कोमट असताना खालचा नट खोलायचा, काळं तेल काढायचं, नवं कांडीच्या खुणेपर्यंत भरायचं. इंजिन बसलं की उसाचं पाणी बंद, म्हणून हे काम घरोघरी शिकले.

1963 ला महिंद्रानं अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टरची कंपनी काढली. ट्रॅक्टर आले तसा ऑइलचा हिशेब मीटरच्या तासांवर गेला. काम तेच राहिलं, फरक पाडला तो वॉरंटीनं. इंजिन जाम झालं तर आधी सर्व्हिसची नोंद विचारतात.

म्हणून वॉरंटी आहे तोवर शोरूमला जा, बिल जपून ठेवा. मुदत संपली की पुस्तकात दिलेल्या ग्रेडचं ऑइल आणि फिल्टर आणून घरी बदला. मजुरी वाचते, अन् ऑइल खरंच बदललं हे डोळ्यांना दिसतं. तास वहीत लिहायला विसरू नका.

जुनं ऑइल मात्र ओढ्यात ओतू नका, ते आपल्याच विहिरीत उतरतं. कॅनमध्ये साठवा आणि परवाना असलेल्याकडंच द्या.